आखाजी ते आखाजी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी आमच्या ओट्यावर दोन खेळ चालू होते. एका टोकाला चुलतभाऊ आणि त्याचे दोस्त पत्ते कुटत बसले होते. खानदेशात आखाजीला पत्ते पडले नाहीत तर सण झाल्यासारखा वाटत नाही, आणि त्या एका दिवशी पैसे लावून खेळणाऱ्याला घरातली म्हातारी माणसंही फारसं बोलत नाहीत. दुसऱ्या टोकाला माझा भाचा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. बहीण आखाजीला माहेरी येते, तिच्यासोबत तोही पुण्याहून येतो. झोका, गौराई, खापरावरचे मांडे यांपैकी फक्त मांड्यांशी त्याचं देणंघेणं.

"मामा, क्लिओपात्रा उलटली ना राव."

मी डोकावलो. सहावी सिव्हिलायझेशन, म्हणजे आपलं राज्य उभं करून शेजारच्या राजांशी तह-लढाया करायचा संगणकावरचा खेळ. हा भारत घेऊन खेळत होता आणि शेजारी इजिप्त. दोघांची जाहीर मैत्री होती, आणि मैत्री असेपर्यंत या खेळात एकमेकांवर युद्ध पुकारताच येत नाही. त्या भरवशावर साहेबांनी सीमेवरच्या शहरात एक गुराखीसुद्धा ठेवला नव्हता. मैत्रीचे तीस टर्न, म्हणजे तीस खेळ्या, भरले, याच्या ते लक्षात आलं नाही, बाईंनी आधी जाहीर निषेध केला आणि पुढे सैन्य आणून उभं केलं.

"तीस टर्न म्हणजे काहीच नाही," तो कुरकुरला. "एकदा दोस्ती केली की कायमची पाहिजे. कोणी मोडेपर्यंत चालू."

तेवढ्यात आतून बहिणीची हाक आली, "जेवाले चाला रे!" आणि इजिप्तचं सैन्य तसंच उभं ठेवून आम्ही आमरसाकडे गेलो. पण त्याचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, कारण पंधरा वर्षांपूर्वी मीही असंच म्हणायचो. आणि आता तसं वाटत नाही.

मी या खेळात पडलो तो पाचव्या सिव्हिलायझेशनपासून. खेळ २०१० साली आला, माझ्याकडे पोचायला आणखी दोनेक वर्षं लागली. लोडशेडिंगच्या काळात, लॅपटॉपची बॅटरी संपायच्या आत एखादं युद्ध उरकायचं, अशा बेताने मी खेळायचो. एक गोष्ट मला आजही पटलेली नाही. त्या खेळात कापूस हा चैनीचा माल आहे. सोनंही. दोन्ही परक्या राजाला विकता येतात, आणि जळगावच्या माणसाला यात काही गैर वाटणार नाही. पण केळी? केळी जमिनीवर दिसतात, शहराचं पोट भरतात, मात्र विकता येत नाहीत. व्यवहाराच्या पडद्यावर केळीचं नावच नाही. रावेर-यावलकडच्या कुणाला मी हे सांगितलं तर तो खेळ बनवणाऱ्यांना एकदा केळीसाठी ओळखलं जाणारं सावदा स्टेशन दाखवून आणा म्हणेल.

तर त्या खेळात कापूस विकायचा करार तीस टर्नांचा. सीमा खुल्या करायच्या, तरी तीस. सोनं द्यायचं, मीठ घ्यायचं, तीस. फक्त युद्धानंतरचा तह दहा टर्नांचा. खेळ सुरू होतो इसवी सनपूर्व ४००० मध्ये, आणि नेहमीच्या वेगात पहिले ७५ टर्न प्रत्येकी चाळीस वर्षांचे असतात. म्हणजे अश्मयुगातल्या कुणी शेजाऱ्याला मीठ द्यायचं कबूल केलं, तर तो शब्द बाराशे वर्षं पाळायचा. आणि खेळ आपल्या काळाशी येईतो टर्न एका वर्षाचा झालेला असतो, मग तोच करार तीस वर्षांत आटोपतो. घड्याळ एकच, काटा मात्र मनाला येईल तसा पळतो. खेळणाऱ्याला हे खुपत नाही, कारण तो वर्षं मोजतच नाही, टर्न मोजतो. पण कराराची मुदत म्हणजे नेमकं काय मोजायचं, हा प्रश्न मला पहिल्यांदा तिथे पडला.

शेतीत मुदत माल ठरवतो. केळीचा घड कापणीला आला की वैशाखाच्या उन्हात तो थांबत नाही. व्यापाऱ्याचा माणूस संध्याकाळी बाग फिरून भाव बोलतो, सकाळी गाडी लागायची असते. त्या कराराचं आयुष्य एक रात्र, आणि त्या एका रात्रीतही तो मोडतो. वडिलांनी एका वर्षी असा शब्द घेतला, मजूर सांगून ठेवले. रात्रीत भाव उतरला आणि सकाळी गाडी आलीच नाही. फोन बंद. चार दिवसांनी दुसऱ्याने तीच बाग निम्म्याहून कमी भावात उचलली. कापसाचं तसं नाही. भाव नसेल तर तो घरात भरून ठेवता येतो. पुढच्या खोलीत छतापर्यंत, अंगाला खाज सुटेपर्यंत, मुलं त्यावर उड्या मारून मार खाईपर्यंत. त्यामुळे कापूसवाल्याला व्यापाऱ्याशी बोलताना थोडा दम धरता येतो. सोन्याला तर मुदतच नाही. आईच्या पाटल्या तिच्या सासूच्या आहेत. या तिघांना एकच तीस टर्नांचा ठप्पा मारायचा, हे काम शेतात न गेलेल्या माणसाचंच.

आणि माणसाच्या श्रमाचा करार? त्याची मुदत आमच्याकडे पक्की होती. एक वर्ष. आखाजी ते आखाजी.

आमचे आजोबा, ज्यांना आम्हीच काय अख्खं गाव जिभाऊ म्हणायचं, त्यांच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी, होते बापू. सातपुड्याच्या पायथ्याचे, चोपड्याच्या वरच्या अंगाचे. सकाळी पितरांची घागर भरली, आमरस-सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवला, की जिभाऊ ओट्यावर लाल कापडाची वही घेऊन बसायचे आणि बापू समोर, पायरीवर. पायरीवर, ओट्यावर नाही. हे मला लहानपणी दिसायचं पण कळायचं नाही. गेल्या सालाचा हिशेब व्हायचा. किती उचल घेतली, किती खाडे झाले, ज्वारी किती नेली. मग जिभाऊ विचारायचे, "बोल बापू, कितलं?" बापू जमिनीकडे बघत म्हणायचे, "तुम्हीच सांगा." मग तासभर कोणीच काही सांगायचं नाही. चहा यायचा. बैलांचा विषय निघायचा, पावसाचा निघायचा. शेवटी कुठूनतरी एक आकडा पडायचा, त्यावर धोतर, जोडा, घोंगडी, महिन्याची ज्वारी. वहीत पान लागायचं. पुढच्या वर्षीचं काय, असं कोणी म्हटलंच तर जिभाऊंचं ठरलेलं उत्तर: "आखाजी ते आखाजी. मंग देखू."

मला वाटायचं, दरवर्षी हे नाटक कशाला? बापू कुठे जाणार होते? जिभाऊ तरी कुणाला ठेवणार होते? भाच्यासारखंच वाटायचं, की एकदा ठरवा आणि चालू द्या.

तारीख ठरलेली असण्याचे तोटेही होतेच, ते सांगितले पाहिजेत. चैत्र लागला की सालदाराचा हात सैल पडतो, असं प्रत्येक मालक म्हणायचा. आणि मालक वागायला एकदम गोड होतो, असं सालदार म्हणायचे. शेजारच्या गावचा कुणी बाजारात भेटून "आमच्याकडे साल धरतो का?" विचारून जायचा. शेवटचा महिना कुणाचाच नसायचा. डावपेचांच्या खेळात हाच रोग आहे. शेवटचा टर्न कोणता हे सगळ्यांना माहीत असेल, तर त्याच्या आधीच्या टर्नाला दिलेला शब्द पोकळ होतो. मग त्याच्याही आधीचा. 'डिप्लोमसी' नावाचा १९५९ पासून विकला जाणारा एक जुना पटावरचा खेळ आहे. सात राष्ट्रं, फासा नाही, नशीब नाही, नुसत्या वाटाघाटी. त्याचा नियमच असा की दिलेला कोणताही शब्द बांधील नाही. सगळे आपापले हुकूम गुपचूप लिहितात आणि ते एकदम उघडतात. तिथे कराराची मुदत म्हणजे कागद उघडेपर्यंतची पाच-दहा मिनिटं. मी तो दोनदा खेळलो. दोन्ही वेळा सख्ख्या दोस्ताने गळा कापला आणि त्यानंतर आमचा चहा जरा कडूच झाला.

मग मुदत नसलेला करार बरा का? चौथ्या सिव्हिलायझेशनमध्ये तो प्रकार होता. करार केला की किमान दहा टर्न पाळायचा; नंतर तो आपोआप संपत नाही, कुणीतरी मोडेपर्यंत चालू राहतो. भाच्याला हवं ते हेच. मी तो खेळ बराच नंतर, उलटा जाऊन खेळलो आणि माझ्या लक्षात आलं की मी तीनशे टर्नांपूर्वीचे व्यवहार तसेच वागवतोय. जो माल एकेकाळी जीव टाकून मिळवला, तो आता माझ्याकडे ढिगाने होता, आणि त्याच्या बदल्यात मी अजून दर टर्नाला काहीतरी मोजत होतो. कुणी विचारलं नाही, म्हणून मी बघितलं नाही.

यावरून आमच्या नाल्याकाठच्या चार एकरांची गोष्ट सांगावी लागेल. वडिलांनी ती एका भाऊबंदाला निमबटाईने दिली होती. कागद नाही, मुदत नाही. कागद नसण्याचं कारण सगळ्या खेड्यांत एकच. १९४८ चा कूळकायदा आणि १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून झालेला कायदा, आणि त्यात वाईट काहीच नव्हतं. पण त्यानंतर जमीनवाल्याच्या मनात जी धास्ती बसली ती अजून गेलेली नाही. कुणी दरवर्षी बटाईदार बदलतो, कुणी बदलत नाही पण लिहीतही नाही. आमचं दुसऱ्या प्रकारातलं. बियाणं, खत निम्मं-निम्मं, पीक निम्मं-निम्मं, असं बारा-तेरा वर्षं सुरळीत चाललं. मधल्या काळात शेतीच पालटली. २००२ साली बीटी कापूस आला, पाकिटाचा भाव पालटला, फवारणी पालटली, मग ठिबक आलं. ठिबकच्या नळ्या कुणी आणायच्या? जमीनवाल्याने की कसणाऱ्याने? निम्म्या-निम्म्याने म्हणावं तर नळ्या सात वर्षं टिकणार आणि बटाई उद्याही संपू शकते. हा प्रश्न दोघांच्याही मनात दोन वर्षं होता. पण बोलायचा दिवसच नव्हता. रोज भेटणाऱ्या माणसाकडे एखाद्या मंगळवारी जाऊन "आपलं एकदा ठरवून घेऊ" म्हणायचं, म्हणजे भांडायलाच गेल्यासारखं. शेवटी ते फुटलं एका लग्नाच्या पंगतीत, वाढप्यासमोर, भलत्याच विषयावरून. तीन वर्षं दोन्ही घरं एकमेकांच्या दारावरून मान वळवून गेली.

जिभाऊंचं ते आखाजीचं नाटक काय होतं, हे मला त्या पंगतीत कळलं. तो मुदतीचा दिवस नव्हता, बोलण्याचा दिवस होता. भांडण न करता "कितलं?" विचारायची मुभा असलेला वर्षातला एकच दिवस.

माझी तीस टर्नांवरची तक्रार त्यामुळे भाच्यापेक्षा वेगळी आहे. मुदत कमी आहे असं मला वाटत नाही. करार ज्या रीतीने संपतो, ती रीत वाईट आहे. पाचव्या खेळात परक्याकडून घेतलेला एक चैनीचा माल प्रजेला चार खुशी देतो. तीस टर्नांपूर्वी एकाच धडाक्यात तीन करार केले असतील, तर एका सकाळी तिन्ही मिळून बारा खुशी गायब, प्रजा रुसलेली, शहरं वाढायची थांबलेली. आखाजी येऊन गेली आणि कुणी ओट्यावर बसलंच नाही, अशी गत. म्हणून मुरलेले खेळाडू कागदावर टर्न लिहून ठेवतात: १४२ ला कापूस, १४७ ला सीमा. मीही ठेवतो.

उचलीचं आता. पाचव्या खेळात सुरुवातीला एक पळवाट होती. तीस टर्नांचा माल विकायचा, पण पैसे दर टर्नाला थोडेथोडे न घेता एकरकमी उचलायचे, साधारण २४० सोनं. आणि दुसऱ्याच टर्नाला त्याच राजावर युद्ध पुकारायचं. करार रद्द, माल परत, पैसे खिशात. चौथ्या खेळाने हे दार आधीच बंद ठेवलं होतं: दर टर्नाच्या मालाला दर टर्नाचाच मोबदला, एकरकमी काही नाही. पाचव्याने पुढे २०१३ च्या विस्तारात नियम आणला की रोख रक्कम हवी तर आधी जाहीर मैत्री पाहिजे. मुदत आणि उचल या दोन गोष्टी एकत्र आल्या की कुणीतरी कुणाला तरी बांधतो, किंवा पळतो. खेळात पळता येतं. बापूंना येत नव्हतं. पोरीच्या लग्नाला घेतलेली उचल सालात फिटायची नाही, ती पुढच्या पानावर 'मागील बाकी' म्हणून चढायची. मग साल एक वर्षाचं, आखाजीला दोघंही मोकळे, हे म्हणणं खरं किती? वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा. आमच्या ओट्यावरचा व्यवहार त्यात बसत होता की नाही, हे मी जिभाऊंना कधी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं तेव्हा ते नव्हते.

कागदावरच्या मुदतींवर माझा विश्वास तसा कमीच. अथेन्स आणि स्पार्टाने इसवी सनपूर्व ४४६ च्या सुमाराला तीस वर्षांचा तह केला. ४३१ मध्ये युद्ध पेटलं, म्हणजे निम्मी मुदत. दहा वर्षं लढून थकल्यावर ४२१ मध्ये पन्नास वर्षांचा तह केला, तो सात वर्षंही धड टिकला नाही. मुदत वाढली तसं आयुष्य घटलं. उलट इंग्लंड-पोर्तुगालचा १३८६ चा तह अजून चालू धरला जातो. भारत-सोव्हिएत करार ९ ऑगस्ट १९७१ ला वीस वर्षांसाठी झाला. वीस भरल्यावर कुणी नोटीस दिली नाही तर पाच-पाच वर्षं आपोआप पुढे, अशी त्यात सोय होती. विचार चांगला. पण १९९१ च्या ऑगस्टात वीस वर्षं भरली आणि डिसेंबरात समोरचा देशच उरला नाही.

आपल्याकडचं उदाहरण तापीकाठी आहे, थाळनेरला. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरच्या तहात होळकरांनी खानदेशातला मुलूख इंग्रजांना लिहून दिला. फेब्रुवारीच्या शेवटी जनरल हिस्लॉप फौज घेऊन थाळनेरच्या दारात आला, तर किल्ला खाली करून मिळेना. पुढे जे झालं ते भयंकर होतं. आतली शिबंदी कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. तह झाला होता मंदसोरला. संगणकाच्या खेळात सही झाली की सीमेवरच्या शेवटच्या भालदारालाही त्याच क्षणी कळतं. म्हणून तिथे थाळनेर होत नाही.

मुदतीचा सगळ्यात शहाणा नियम मला 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४' या संगणकावरच्या खेळात सापडला. तिथे युद्ध संपल्यावर शस्त्रसंधी किती वर्षांची, ते तुम्ही हरलेल्याकडून किती उकळलं त्यावर ठरतं. काहीच न घेता उठलात तर पाच वर्षं. ओरबाडून घेतलंत तर पंधरापर्यंत. जास्त खाल्लं त्याने जास्त दिवस गप्प बसायचं. असं काही आमच्या भाऊबंदकीत असतं तर निम्मे दिवाणी दावे झालेच नसते.

मला कुणी विचारणार नाही, पण विचारलंच तर मी एवढंच मागेन. प्रत्येक कराराची मुदत त्याच्या मालावरून ठरू द्या. धान्याची हंगामापुरती, सोयरिकीची माणूस जिवंत असेपर्यंत. आणि मुदत भरायच्या तीन टर्न आधी समोरचा राजा पडद्यावर येऊन बसला पाहिजे. बोलला नाही तरी चालेल. चहा घेऊन बैलांचं विचारलं तरी चालेल.

जेवणं झाली. भाचा परत ओट्यावर येऊन बसला, पण लॅपटॉपची बॅटरी लाल झाली होती आणि वीज गेलेली. मग मी माळ्यावरून जिभाऊंची वही काढली. लाल कापडाला कसर लागली होती. त्याला दाखवलं, हे बघ, हे आमचे टर्न. एक आखाजी, एक पान. वर साल, खाली बापूंचं नाव, आकडा, उचल, मागील बाकी. त्याने मोजली, बापूंची एकोणीस पानं निघाली. आकडे वाचून तो हसला, इतके कमी म्हणून, आणि मग 'मागील बाकी'वर बोट ठेवून त्याने दोनचार पानं मागेपुढे केली आणि हसायचा थांबला.

विसाव्या पानाशी तो अडला. त्या वर्षी बापूंचे गुडघे पार गेले होते. औताला धरणं त्यांना जमत नव्हतं, एवढं मला आठवतं. जिभाऊंच्या अक्षरात वर साल आहे, बापूंचं नाव आहे. आकडा नाही. उचल नाही. मागील बाकीचा रकाना आखलाय, त्यात काही लिहिलेलं नाही. खाली मात्र बाराही महिने नोंदी आहेत: ज्वारी दोन पायल्या, ज्वारी दोन पायल्या, तूरडाळ, दिवाळीला धोतर.

"मामा, हे डील नक्की काय होतं?"

तो पुढचं पान उलटून बघत होता. पुढचं पान कोरं होतं.